डाव्या पायाची चप्पल

आमच्या शिरूरच्या ऑफिसात परवा मोजपट्ट्या आल्या. एका खोक्यात बारा. मीटरभर लांब, लाल-पांढऱ्या रंगाच्या, मातीत रोवता याव्यात म्हणून खाली टोक काढलेल्या. सोबत पत्र होतं : यापुढे रोपाच्या प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसणे बंधनकारक राहील, अन्यथा छायाचित्र ग्राह्य धरले जाणार नाही. नव्यानं लागलेल्या पोरांनी आधी पट्ट्यांची तलवारबाजी केली. मग त्यातला एक म्हणाला, "आयडिया कुणाची पण? भारी हाय."

पत्राखाली दिल्लीच्या कुणाची तरी सही होती. खरं काय ते इथं सांगते. आयडिया केडगावच्या रशीद मुलाणी भाऊसाहेबांची. आणि ती पट्टी नव्हती, चप्पल होती. डाव्या पायाची, नऊ नंबर.

आमच्या प्रकल्पाचं नाव लांबलचक. त्यात हरित, शाश्वत आणि हवामान हे तिन्ही शब्द. परदेशातल्या एका संस्थेचा निधी, दिल्लीचे सल्लागार, पुण्याचे साहेब, आणि ह्या उतरंडीत सगळ्यात खालचं गाडगं म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतली आमची कचेरी. काम होतं घोड आणि भीमेच्या मधल्या सात कोरडवाहू गावांत. माळावर आणि बांधावर झाडं लावायची, ओढ्याला छोटे बांध घालायचे, पावसानं ताण दिला तरी तग धरतील अशी पिकं लोकांना पटवायची. भाऊसाहेब कृषी खात्यातले पर्यवेक्षक, निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना प्रकल्पाकडं पाठवलेले. मी कंत्राटी समन्वयक.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी नावाच्या आधी "बीएस्सी" सांगितलं. आमच्या न्हावऱ्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नाव काय, सगळ्यांनाच असतं. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, "बरं झालं. एक शिकलेलं माणूस पाहिजेच व्हतं." त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. "चला बीएस्सी." "बीएस्सी, डबा उघडा." चेष्टा होती की कौतुक हे मला वर्षभर कळलं नाही. नंतर कळलं, की दोन्ही होतं.

ते केडगावहून मोटारसायकलवर यायचे, पारगावचा पूल ओलांडून. मी न्हावऱ्याच्या फाट्यावर माझी स्कूटी घेऊन उभी असायची. साडेआठला म्हणजे साडेआठला. तिथून पुढं ते पुढं आणि मी मागं. गाडी इतकी हळू चालवायचे, की उसाचे ट्रॅक्टर त्यांना ओलांडून जायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊसाहेब, जरा पळवा की." तर म्हणाले, "पळवली तर बांधावरचं दिसत न्हाई." आणि खरंच, फाट्यापासून खडकमाळपर्यंत रस्त्याकडेला कुठल्या झाडाची फांदी कुणी तोडली, कुठल्या विहिरीवरची मोटार बंद आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. चहा दिवसाला दोनच, असं सगळ्यांना सांगायचे; पण बशीतून प्यालेला चहा ते मोजतच नसत. आणि चहा पांचट निघाला तर दुपारपर्यंत माणूस फुगलेला.

आता चपलेचं.

प्रकल्पाचं एक ॲप होतं. लावलेल्या प्रत्येक रोपाचा वर्षातून तीनदा फोटो काढायचा, फोनच जागा नोंदवायचा, आणि फोटो पुण्याला जायचा. पहिल्याच खेपेला पुण्याहून विचारणा झाली, की फोटोवरून रोप वीतभर आहे का कंबरभर हे समजत नाही. भाऊसाहेबांनी आधी शेजारी पेन ठेवून बघितलं, ते गवतात हरवलं. पाण्याची बाटली ठेवली, ती वाऱ्यानं लवंडली. मग त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून रोपाच्या बुडाशी ठेवली. जड कातड्याची, शिरूरच्या बाजारात करून घेतलेली. ऑफिसात येऊन पट्टीनं मोजली. अकरा इंच. "झालं की," म्हणाले, "ही हरवत न्हाई, उडत न्हाई, आन् इसरून आलो तर पायच सांगतोय."

तेव्हापासून सात गावांतल्या हजारो फोटोंत ती चप्पल आहे. आणि जे फोटोत नाही ते माझ्या डोळ्यांपुढं आहे : एप्रिलच्या उन्हात तापलेल्या मुरमावर एका पायावर उभा असलेला साठीकडं झुकलेला माणूस. डावा पाय उजव्या पोटरीला टेकवलेला, दोन्ही हातांत फोन, मान तिरकी. ओढ्यातल्या बगळ्यासारखा. मी म्हणायची, "माझी सँडल घ्या, मी सावलीत थांबते." तर म्हणायचे, "तुमची सात नंबर. माप बदललं की झाड खोटं बोलायला लागतं."

जे रोप मेलेलं असे, त्याच्याशेजारी ते चप्पल पालथी ठेवायचे. आमच्याकडं दारात चप्पल पालथी दिसली तर घरात भांडण होतं म्हणतात. आई दिसल्या दिसल्या सरळ करते. म्हणून मी पहिल्यांदा नकळत वाकून सरळ करायला गेले. ते म्हणाले, "राहू द्या. हे गेलंय. ॲपमदी मेलेल्याला बटणच न्हाई, मग मी कुठं लिहू?" ते खरं होतं. ॲप फक्त विचारायचं, फोटो काढला का? हो म्हटलं की हिरवी खूण यायची, झाड असो नाहीतर काटकी. वर पुण्याला सगळी झाडं जगत होती. भाऊसाहेबांच्या फोटोंत मात्र मेलेलं झाड मेलेलं होतं, आणि ते समजायला एका माणसानं तो फोटो नुसता बघायचा होता. तीन वर्षं कुणी बघितला नाही.

पुण्यात एकदा मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दिल्लीच्या सल्लागारानं पडद्यावर आपल्या भागाचा उपग्रहावरून काढलेला नकाशा दाखवला. भीमाकाठ गर्द हिरवा, आमची सात गावं पिवळी-करडी. तो म्हणाला, हिरव्या भागाकडून पिवळ्या भागानं शिकलं पाहिजे. मागच्या रांगेतून भाऊसाहेब उठले. हिंदीत बोलायला लागले, पण दुसऱ्या वाक्याला मराठीत आले. "सायेब, ते हिरवं ऊस हाय. धरणाचं पाणी पिऊन हिरवं झालंय. आमचा माळ पिवळा दिसतो, पर तो कुणाचं पाणी पीत न्हाई. आता कुणी कुणाकडून शिकायचं ते तुम्ही सांगा." हॉल हसला. सल्लागारही हसला, आणि पुढच्या पडद्यावर गेला. जेवताना मी म्हटलं, भारी बोललात. तर म्हणाले, "बोलून काय, नकाशा तसाच राहिला." आणि गुलाबजाम दोनदा घेतला.

रोजाच्या महिन्यातही ते फिरतीवर यायचे. साडेबाराला सावली बघून मला बसवायचे, स्वतः पाठ करून उभे राहायचे आणि दरडावायचे, "डबा उघडा बीएस्सी, माझ्याकडं बघू नका." एकदा मी विचारलं, त्रास नाही होत? म्हणाले, "व्हतो की. पर दुपारी तीन वाजता झाडाला काय वाटत असंल ते ह्या महिन्यात बरोबर कळतं. बाकी अकरा महिने आपण नुसतंच बोलतो."

आता हौसाबाईंचं जांभूळ, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येतं.

हौसाबाई खडकमाळच्या. दीड एकर मुरमाड रान, घरात त्या आणि सून. बांधावर पाच रोपं लावलेली, त्यात एक जांभूळ. पहिल्या उन्हाळ्यात जांभूळ वाळलं. भाऊसाहेबांनी नखानं साल खरवडून बघितली, आतून तपकिरी. चप्पल काढली, पालथी ठेवली.

हौसाबाई घरातून पळत आल्या. "ओ मुलाणी! उचला ती चप्पल! माझ्या रानात पालथी घालताय व्हय?"

"मावशी, झाड गेलंय."

"तुमच्या तोंडाला बरं लागतंय गेलंय म्हणायला! रोज भांड्याचं पाणी घालते मी त्याला."

"पाणी घाला, पर ते गेलंय. मी तीस वर्षं झाडंच बघतोय."

"तीस वर्षं बघताय, मंग ह्याला आजून चार म्हैने बघा."

भाऊसाहेबांनी फोटो काढला. झाडाबाबत त्यांना कुणी शिकवलेलं खपत नसे. पुढच्या फेरीला त्या बांधाला गेलेच नाहीत. "वाळक्या काटकीचं काय बघायचं," म्हणाले. मीच गेले, आणि फोनवर त्यांना सांगितलं की बुडातून दोन लालसर कोंब आलेत. ते म्हणाले, "फोटो काढू नका. मी येतो."

दुसऱ्या दिवशी आले. हौसाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या. भाऊसाहेबांनी चप्पल काढली, जांभळाच्या बुडाशी नीट सरळ ठेवली, आणि फोटो काढायच्या आधी त्यांच्याकडं वळून दोन्ही हात जोडले. "चुकलो मावशी. घाई केली."

"आता कसं," हौसाबाई म्हणाल्या. "चहा ठेवलाय. पांचट न्हाई."

तिथून पुढं एक बदल झाला. चप्पल पालथी ठेवायच्या आधी ते एक फेरी सोडायला लागले. वहीत त्या रोपापुढं लिहायचे : "हौसाबाई." म्हणजे अजून चार महिने थांबायचं.

तिसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, जिल्ह्याहून पत्र आलं. संगणकानं सगळे फोटो तपासले होते, आणि आमच्या सात गावांच्या प्रत्येक फोटोत त्याला एकच वस्तू सापडली होती. त्यावरून फोटो एकाच जागी बसून काढल्याचा संशय घेतला होता. खुलासा करावा. खुलासा मान्य होईपर्यंत सातही गावांतलं उन्हाळी पाणी देण्याचं काम स्थगित.

हे शेवटचं वाक्य जीवघेणं होतं. माळावरच्या झाडाचा तिसरा उन्हाळा सगळ्यात वाईट. मुळं अजून खाली पोचलेली नसतात, पानं मात्र वाढलेली असतात. बचत गटाच्या बाया टँकरमधून पाणी घेऊन प्रत्येक झाडाच्या बुडाशी पुरलेलं मडकं भरायच्या. ते थांबलं तर मे उजाडायच्या आत अर्धा माळ जाणार होता.

मी संतापले. खुलासा पाच पानांचा लिहिला. त्यात जागेच्या नोंदी, गावांचे ठराव, सगळं. भाऊसाहेबांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि स्वतः एका कागदावर लिहिलं : "सदर चप्पल माझी असून ती डाव्या पायाची आहे. कोणीही येऊन पाहावे."

"एवढंच?"

"एवढंच खरं हाय. बाकीचं तुम्ही त्यांच्यासाठी लिवलंय."

मी ती पाच पानं मागून घेतली आणि गुपचूप त्या कागदाला जोडली. पण माणसं आली ती त्या एका ओळीमुळंच. पैसा देणाऱ्या संस्थेचं पथक तेव्हा पुण्यात आलेलं होतं. त्यातल्या एका बाईंच्या हाती तो कागद गेला, कुणीतरी भाषांतर करून सांगितला, आणि त्या म्हणाल्या, मला ही चप्पल बघायची आहे.

पथक यायच्या आदल्या दुपारी जिल्ह्याचे साहेब ऑफिसात आले. भाऊसाहेबांना खिडकीशी घेऊन बोलले, पण खोल्याच दोन. मला ऐकू येत होतं. "मुलाणी, चपलेचं काय ते सांगा. पण पालथ्या चपलेचा विषय नको. जगलेल्या झाडांचा आकडा ठरल्यापेक्षा खाली आला तर गावं यादीतून जातील. तुमचीच गावं आहेत. विचार करा." साहेब वाईट माणूस नव्हता. त्यालाही वर कुणीतरी खिडकीशी घेतलं असणार.

साहेब गेल्यावर भाऊसाहेब खुर्चीत बसून राहिले. मी विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, "पाणी सात गावांचं हाय, बीएस्सी. खोटं माझं एकट्याचं असंल." मग वही चाळत म्हणाले, "पर मेलेली झाडं किती, अन् त्यात हौसाबाई किती, हे कुणाला तरी कळायला पाहिजे." त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. पुढं काय करणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, असं मला अजून वाटतं.

खडकमाळच्या समाजमंदिरात टेबल मांडलं होतं, वर चादर, फुलं, पाण्याच्या बाटल्या. माझ्याकडं फोटोंच्या छापील प्रती, काही झाडांच्या, तारखेप्रमाणं लावलेल्या. बाई उंच, उन्हानं लाल झालेल्या, सुती कुर्ता घातलेल्या. दिल्लीचा तोच सल्लागार दुभाषा. बाईंनी प्रती घेतल्या आणि म्हणाल्या, चप्पल कुठंय?

"पायात," भाऊसाहेब म्हणाले.

टेबलावर ठेवा, सल्लागार म्हणाला.

"न्हाई ठेवणार." सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. "जेवणाचं पान मांडतो आपण ह्याच्यावर. चप्पल जमिनीवर राहील." आणि त्यांनी ती काढून फरशीवर ठेवली.

बाईंना सल्लागारानं काय सांगितलं कुणास ठाऊक. त्या खुर्चीवरून उठल्या आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. मग सल्लागाराला बसावं लागलं, मग जिल्ह्याच्या साहेबांना, इस्त्रीच्या पँटीत. दारात उभ्या असलेल्या बाया पदर तोंडावर धरून हसत होत्या.

बाईंनी हौसाबाईंच्या जांभळाच्या प्रती चपलेभोवती पसरल्या आणि एकेक उचलून चपलेशेजारी धरायला लागल्या. मग त्यांना ते दिसलं, जे आम्हाला रोज बघून कधी दिसलं नव्हतं. पहिल्या फोटोत चप्पल कोरी. पुढच्या फोटोत टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली, कारण भाऊसाहेबांचा डावा पाय जरा तिरका पडे. पुढं अंगठा तुटलेला आणि एसटी स्टँडजवळच्या चांभाराकडून काळ्या कातड्याचा घालून घेतलेला. चप्पल म्हातारी होत गेली होती आणि झाड तिच्यापेक्षा मोठं होत गेलं होतं. एका जागी, एका दिवशी बसून हे कुणालाही करता आलं नसतं.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. संशय मिटला होता. चहा आणायला कुणीतरी हाक मारली.

पण बाईंच्या हातात अजून दोन प्रती होत्या. ह्यात तळवा दिसतोय, त्या म्हणाल्या. आणि ह्या दुसऱ्या प्रतीत तळव्याला टायरचं रबर आहे. म्हणजे ही नंतरची. पण चप्पल उलटी का?

"वारा," साहेब चटकन म्हणाले. "इथं वारा फार."

भाऊसाहेब एका पायात चप्पल घालून उभे होते, दुसरा अनवाणी पाय फरशीवर. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी दारातल्या बायांकडं बघितलं, ज्यांचं पाणी थांबलेलं होतं. मग म्हणाले, "वारा न्हाई. मेलेला झाड हय, मॅडम. सीधी चप्पल, जिंदा. उलटी, मरा हुवा."

बाईंनी विचारलं, अशी किती? भाऊसाहेबांनी खिशातनं वही काढली आणि गाव घेऊन आकडा सांगायला लागले. साहेब जमिनीकडं बघत होते. चौथ्या गावाला पोचले तेव्हा दारातून हौसाबाई आत घुसल्या.

"ओ बाई, ह्यांचं सगळं खरं मानू नका! माझंबी मेलं म्हणून पालथी घातली व्हती ह्यांनी. चला, दाखवते. चला, उठा!" आणि त्यांनी परदेशी बाईंच्या मनगटाला धरून उठवलं.

जांभूळ तेव्हा माणसाच्या डोक्यापर्यंत आलं होतं. बाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. सल्लागारानं त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं ते असं : इतक्या देशांत इतक्या फायली बघितल्या, पण मेलेलं झाड मला पहिल्यांदाच इथं कागदावर दिसलं.

सातांतल्या पाच गावांचं पाणी पंधरवड्यात सुरू झालं. दोन गावं आकड्याच्या खाली होती, ती यादीतून गेली. हे मी लपवणार नाही, कारण त्यांनी लपवलं नाही. त्या दोन गावांत निरोप सांगायला पत्र पाठवता आलं असतं. भाऊसाहेब स्वतः गेले, मी मागं. दुसऱ्या गावच्या सरपंचांनी बसा म्हटलं नाही. "खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं, भाऊसाहेब?"

"काय बी बिघडलं नसतं आबा," ते म्हणाले. "झाडं तेवढी मेलेलीच राहिली असती."

"आता जगलेलीबी मरतील."

येताना पुलाच्या अलीकडं भाऊसाहेबांनी गाडी थांबवली, उतरले, आणि कडेच्या लिंबाखाली नुसतेच उभे राहिले. मी स्कूटीवरच बसून राहिले. निघताना म्हणाले, "बरोबर बोलला तो." पुढं त्या गावात ते रविवारी जातात, बोअरवाल्या शेतकऱ्यांना पाण्यासाठी गळ घालतात, हे मला सरपंचांकडूनच कळलं. काही झाडं त्यामुळं राहिली. सगळी नाही. जी गेली त्यांचे फोटो कुणी मागितले नव्हते, तरी त्यांनी काढले होते, पालथ्या चपलेसकट.

निवृत्तीला ऑफिसात चहा, शाल, नारळ. जिल्ह्याचे साहेब आले नाहीत. भाऊसाहेब भाषणात एवढंच बोलले, की झाड लावलं म्हणजे काय, पोर शाळेत घातलं म्हणजे पास झालं असं नसतं, आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पास झालेलं असं दिसतं." मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. पण मला शेवटचे दिसले ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात, खडकमाळला, आणि तेच सांगून थांबते.

मी कामावर गेले होते. हौसाबाईंच्या बांधावर ती मोटारसायकल उभी दिसली. भाऊसाहेब जांभळाखाली होते. वाळलेले, स्वेटर अंगावर ढगळ झालेला. आता त्यांना ॲप नाही, फेरी नाही, कुणाला फोटो पाठवायचा नाही. तरी डावी चप्पल बुडाशी ठेवलेली, आणि हातात फोन.

"आलात का बीएस्सी," म्हणाले. "बरं झालं. हितं उभ्या राहा, ह्यांचं कुत्रं चप्पल पळवतंय."

मी चपलेपाशी उभी राहिले. जांभूळ घराच्या पत्र्याच्या वर गेलं होतं. त्यांनी फोन डोळ्यासमोर धरला आणि दोन पावलं मागं गेले. थांबले. मान हलवली. अजून चार पावलं. मग पाठीमागं न बघता, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, नांगरटीची ढेकळं चाचपत मागं मागं जायला लागले. हौसाबाई ओट्यावरून ओरडल्या, "आवो पडाल की! किती मागं जाताय?"

"शेंडा येतोय तर चप्पल जातीया," तिकडून आवाज आला. "चप्पल येतीया तर शेंडा!"

"मग एकच घ्या!"

"दोन्ही पायजे!"

मी हात वर करून विचारलं, आता? त्यांनी फोनमधून बघितलं. बांधापलीकडं पोचले होते, ज्वारीच्या कडेला, केवढेसे दिसत होते. मला वाटलं आता काढतील.

"मावंना अजून, पोरी," ते तिकडून म्हणाले, आणि आणखी एक पाऊल मागं टाकलं.